फुकट शिकवतो म्हणणाऱ्या विद्यापीठाला काय हवं असतं?

पत्र : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघंही नोकरी करतो, मिळून वर्षाचे सव्वादोन लाख डॉलर येतात. मोठा मुलगा इथेच जन्मलेला, आता बारावीत आहे. सप्टेंबरमध्ये शाळेने कळवलं की तो नॅशनल मेरिट सेमीफायनलिस्ट झाला. तेव्हापासून टपालपेटी भरून वाहते आहे. अलाबामा, ओक्लाहोमा, टेक्सस-डॅलस, ॲरिझोना. सगळी त्यांच्या ‘ऑनर्स कॉलेज’ला बोलावतात. एकांनी तर लिहिलंय, ट्युशन माफ, राहणं माफ, वर हातखर्चाला पैसे. ‘हे’ म्हणतात, एवढं फुकट देतात म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. मुलाचं कॉम्प्युटर सायन्स की मेडिकल हे अजून ठरत नाही. ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) सव्वा लाख साठलेत आणि मागे आठवीतली मुलगी आहे. आमच्या पगारावर मोठ्या कॉलेजांची मदत मिळत नाही असं सगळे सांगतात. मंडळाच्या दिवाळीच्या तालमीला गेले होते, सहज विषय काढला तर एकीने विचारलं, ‘‘एवढा हुशार मुलगा आणि अलाबामाला?’’ पुण्याहून सासूबाई फोनवर विचारतात, हार्वर्डचं काय झालं. मला काही सुचत नाही. – एक आई, एडिसन

उत्तर :

ताई, तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे. फुकट कुणी देत नाही. पण यात लपवाछपवी नाही, सरळ सौदा आहे, आणि तुमच्या मुलाकडे त्या सौद्यात विकण्यासारखं काहीतरी आहे. ते काय, हे एकदा समजलं की ही पत्रं कशी वाचायची ते कळेल.

आपल्याकडे क्लासवाले काय करतात ते आठवा. बोर्डात चमकेल असं पोर हेरायचं, त्याची फी माफ करायची आणि निकालानंतर चौकात त्याचा भला मोठा फ्लेक्स लावायचा. तो फ्लेक्स पाहून पुढच्या वर्षी पूर्ण फी भरणारी पोरं येतात. इथली बरीच सरकारी विद्यापीठं हेच करतात, फक्त फ्लेक्सच्या जागी ‘यंदा आमच्याकडे इतके नॅशनल मेरिट स्कॉलर’ अशी बातमी असते. शिवाय नव्या विद्यार्थ्यांचे एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण रँकिंगमध्ये धरले जातात, त्यामुळे तुमच्या मुलासारखी काही शे पोरं आली की सरासरी वर सरकते. प्राध्यापकांना वर्गात असं पोर हवं असतं ते वेगळ्या कारणासाठी, आणि तेही खरं कारण आहे: ज्या वर्गात दहा जण प्रश्न विचारतात तिथे उरलेलेही जागे राहतात.

आता हे नॅशनल मेरिट प्रकरण. १९५५ साली ही संस्था निघाली. अकरावीच्या ऑक्टोबरात मुलं जी पीएसएटी (एसएटीची सराव आवृत्ती) देतात, तीच तिची प्रवेशपरीक्षा. देशभरातून साधारण १६ हजार सेमीफायनलिस्ट निवडले जातात, त्यातले सुमारे १५ हजार फेब्रुवारीत फायनलिस्ट होतात आणि शेवटी त्यातल्या साधारण निम्म्यांना कुठली तरी स्कॉलरशिप मिळते. पात्रतेची रेषा राज्यागणिक वेगळी असते. न्यू जर्सीची रेषा २२८ पैकी २२०च्या पुढे, देशातल्या सर्वांत वरच्या दोन-तीन राज्यांत. म्हणजे तुमचा मुलगा जिथे उभा आहे तिथे पोचणं दुसऱ्या कितीतरी राज्यांत सोपं गेलं असतं. हे त्याला सांगा, एडिसनच्या शाळांत या मुलांना आपण साधारण आहोत असंच वाटत राहतं.

गंमत अशी की संस्थेची स्वतःची स्कॉलरशिप २,५०० डॉलरची, तीही एकदाच. एवढ्यात एका सेमिस्टरचा मील प्लॅनसुद्धा धड निघत नाही. खरा पैसा विद्यापीठं देतात. त्यांना हवी असते यादी. परीक्षेच्या वेळी मुलगा ‘कॉलेजांना माझी माहिती द्या’ असा एक चौकोन भरतो, तिथून नावं जातात. परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड ही नावं विद्यापीठांना पैसे घेऊन पुरवतं. तुमच्या पेटीतली चकचकीत ब्रोशर्स तिथून येतात. त्यातली निम्मी सरळ रद्दीत टाका. ज्या पत्रात प्रवेशवर्षासहित आकडा आणि अटी छापल्या आहेत तेवढीच ठेवा. आणि ज्या पत्रात ‘आपली निवड झाली आहे’ म्हणून नोंदणी फी मागितली असेल, कुठली मानाची सोसायटी असो की वॉशिंग्टनची लीडरशिप सहल, ते पत्र स्कॉलरशिपचं नव्हेच. खरी स्कॉलरशिप पैसे मागत नाही.

अलाबामाचं उदाहरण नीट सांगते, कारण मंडळातल्या बाईंचा प्रश्न तिथेच अडकलाय. २००३ साली रॉबर्ट विट टस्कलूसा गावातल्या अलाबामा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले तेव्हा तिथे २० हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. राज्य लहान, बारावी पास होणारी मुलं मोजकी, सरकारचं अनुदान बेभरवशाचं, आणि २००८ च्या मंदीनंतर ते आणखी कापलं गेलं. त्यांनी ठरवलं की वाढायचं आणि बाहेरच्या राज्यांतून वाढायचं. विद्यापीठाचे भरती-प्रतिनिधी इतर राज्यांत घर करून राहू लागले, शाळाशाळांतून हिंडू लागले. जीपीए (वर्गातल्या गुणांची सरासरी) आणि परीक्षेचे गुण असतील तर अमुक इतकी स्कॉलरशिप, असा तक्ताच त्यांनी उघडपणे लावला. निबंध नाही, मुलाखत नाही, आपला रकाना बघायचा. २०१० च्या सुमाराला आकडा ३० हजारांपुढे गेला, आज तो ४० हजारांच्या घरात आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतले आहेत. त्यातले बहुतेक जण बाहेरच्यांची भारी ट्युशन, पूर्ण किंवा थोडी सूट घेऊन, भरतात. त्यांच्या पैशावर विद्यापीठ चालतं आणि तुमच्या मुलासारख्यांची माफीही निघते.

ही माफी कशी असते तर नॅशनल मेरिट फायनलिस्टला दहा सेमिस्टरपर्यंत ट्युशन, चार वर्षं डॉर्मची खोली, वर दरसाल काही रोख आणि उन्हाळ्यात संशोधनाला किंवा परदेशी जायला एकदा पैसे. दहा सेमिस्टर हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमचा मुलगा एपीची, म्हणजे शाळेतच केलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांची, क्रेडिटं घेऊन जाणार, पदवी तीन-साडेतीन वर्षांत उरकेल, मग उरलेल्या सेमिस्टरांत त्याच पैशावर मास्टर्सचे विषय घेता येतात. कॉम्प्युटर सायन्स केलं तर हे हाताशी आलेलं मास्टर्सच म्हणा. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून त्याच्या प्रवेशवर्षाचं पान उघडून तेच वाचा, गेल्या वर्षी मैत्रिणीच्या मुलाला काय मिळालं ते नको.

सगळीच विद्यापीठं हा खेळ खेळत नाहीत हेही लक्षात ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००५ साली नॅशनल मेरिटला पैसे देणं थांबवलं, एका परीक्षेच्या एका आकड्यावर गुणवत्ता ठरवणं त्यांना पटेना. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाने २००९ मध्ये तेच केलं. ज्यांच्या दारात तसंही रांग असते त्यांना फ्लेक्सची गरज पडत नाही. ऑस्टिनने सोडलं, डॅलसचं टेक्सस विद्यापीठ मात्र अजून हिरिरीने बोलावतंय, यातच सगळं आलं.

मग ऑनर्स कॉलेज म्हणजे नेमकं काय? नाव ऐकून वाटतं वेगळी इमारत, वेगळे प्राध्यापक, वेगळी पदवी. तसं नाही. तीस-चाळीस हजारांच्या विद्यापीठाच्या पोटात दीड-दोन हजार मुलांचं छोटं कॉलेज, एवढंच. कुठे ते आकड्याने याहून मोठं असतं, कुठे बरंच लहान. पदवी मुख्य विद्यापीठाचीच. विषय नेहमीच्या विभागात, काही वर्ग ऑनर्सचे, वीस जणांचे, जिथे प्राध्यापक नावाने ओळखतात. ओरेगन विद्यापीठाचं क्लार्क ऑनर्स कॉलेज १९६० चं, या पठडीतल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. पण या कॉलेजांची लाट आली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत, आणि ती देणगीदारांच्या पैशावर आली. मेरिल लिंचचे अध्यक्ष राहिलेले विल्यम श्रायर आणि त्यांच्या पत्नीने १९९७ साली पेन स्टेटला ३ कोटी डॉलर दिले, त्यांचं नाव कॉलेजला लागलं. इंटेलच्या क्रेग बॅरेट यांच्या १ कोटीवर ॲरिझोना स्टेटच्या ऑनर्स कॉलेजला बॅरेट नाव मिळालं. नेटस्केपचे जिम बार्क्सडेल आणि पत्नी सॅली यांनी मिसिसिपीत तेच केलं. आणि २००२ साली वॉल्टन कुटुंबाच्या, म्हणजे वॉलमार्टवाल्यांच्या फाउंडेशनने आर्कान्सा विद्यापीठाला ३० कोटी डॉलर दिले, त्यातले २० कोटी पदवीच्या ऑनर्स कॉलेजसाठी. एका सरकारी विद्यापीठाला तोवर एवढी मोठी देणगी मिळाली नव्हती.

हे धनिक हार्वर्डला देऊ शकले असते. त्यांनी आपल्या गावच्या विद्यापीठाला दिलं, कारण त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं की राज्यातलं सगळ्यात हुशार पोर बारावीनंतर बाहेर जातं आणि परत येत नाही. ऑनर्स कॉलेजचा जन्म या दुखण्यातून आहे. म्हणून अशा बऱ्याच योजना मुळात राज्यातल्याच मुलांसाठी होत्या आणि काही अजून तशाच आहेत. न्यूयॉर्क सिटीचं मॅकॉले ऑनर्स कॉलेज बघा. २००१ मध्ये सुरू झालं, राज्यातल्या मुलाला पूर्ण ट्युशन माफ. तुम्ही नदीच्या अलीकडे राहता म्हणून तुमच्या मुलाला ती माफी नाही. क्वीन्समधल्या मराठी घरांनी मात्र ते सोडू नये.

या पैशावर टीकाही आहे आणि ती मला पटते. गरज न बघता गुणांवर वाटलेला पैसा बऱ्याचदा अशाच घरी जातो जिथे आई-बाप शिकलेले, क्लास लावलेले, घरात अभ्यासाची खोली. जॉर्जियाची होप स्कॉलरशिप १९९३ पासून लॉटरीच्या उत्पन्नावर चालते. तिकिटं कोण घेतं आणि फी कुणाच्या पोराची माफ होते, हा प्रश्न तिथे तेव्हापासून विचारला जातो. तुम्ही ही स्कॉलरशिप नाकारल्याने ते पैसे गरिबाकडे जाणार नाहीत, तेव्हा तुमच्या निर्णयात हे ओझं घेऊ नका. पण मुलगा ‘मी कमावलं’ म्हणाला तर तीन हिस्से त्याचे आणि एक हिस्सा तुमच्या एडिसनच्या पत्त्याचा, हे जेवताना एकदा सांगायला हरकत नाही.

आता तुमचं गणित. रटगर्सला, म्हणजे तुमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, न्यू जर्सीच्या मुलाला राहण्याखाण्यासकट वर्षाला ३५ ते ४० हजार लागतात. चार वर्षांचे दीड लाख धरा. तुमच्या ५२९ मधले सव्वा लाख तिथेच संपतील आणि मुलीसाठी पहिल्यापासून सुरुवात. नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा पूर्ण खर्च आता वर्षाला ९० हजारांच्या पुढे आहे. म्हणजे मदत न मिळाल्यास साडेतीन लाखांच्या वर. पूर्ण मेरिट पॅकेजवर गेला तर मील प्लॅन, काही फिया, इन्शुरन्स, नेवार्कहून विमानं असं तुमच्या खिशातून जाईल. दरवर्षी आठ-दहा हजार बाजूला ठेवलेत तर बहुधा भागेल. इथवर हिशेब एकतर्फी दिसतो.

पण ‘आमच्या पगारावर मदत मिळत नाही’ हे तुम्ही ऐकीव सांगताय, आणि तिथे मी तुम्हाला अडवते. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनसारख्या आठ जुन्या खासगी विद्यापीठांत, गुणांवर स्कॉलरशिप मिळत नाही, कुणालाही नाही, हे खरं. पण गरजेवरची मदत गेल्या काही वर्षांत खूप वर सरकली आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्युशन माफ केली. प्रिन्स्टनने त्याच वर्षापासून ही मर्यादा बहुतेक घरांसाठी अडीच लाखांपर्यंत नेली. तुमचे सव्वादोन लाख या दोहोंच्या मधे बसतात. प्रिन्स्टन तुमच्या घरापासून रूट वनने अर्ध्या तासावर आहे आणि ते रटगर्सपेक्षा स्वस्त पडू शकतं, हे एडिसनच्या किती घरांना ठाऊक आहे कोण जाणे. तिथे प्रवेश मिळणं दुरापास्त, ते वेगळं. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. येत्या शनिवारी दोघं टॅक्स रिटर्न घेऊन बसा आणि पाच-सहा कॉलेजांचे आकडे काढा. पाच जणांच्या सल्ल्यापेक्षा, यात माझाही आला, ते आकडे जास्त खरे.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि ही नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेआधी वाचाल अशी आशा आहे. अर्ली डिसिजन भरू नका. ते बांधून घेणारं असतं. लागलं की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे अलाबामा आणि डॅलसच्या आकड्यांशी तुलना करायची संधीच गेली. पैशाचा विचार करणाऱ्या घराने सौद्याच्या आधीच हात बांधून घेऊ नयेत. अर्ली ॲक्शन वेगळं, त्यात तिथेच जायचं बंधन नाही, उत्तर लवकर मिळतं, ते जरूर भरा. तुमच्या यादीतल्या सरकारी विद्यापीठांना तर लवकरच भरायला हवं, कारण मोठ्या स्कॉलरशिपची आणि ऑनर्सची मुदत बहुतेकदा नोव्हेंबर-डिसेंबरातच संपते. प्रवेशाचा अर्ज केला म्हणजे ऑनर्सचाही झाला असं समजू नका. पेन स्टेटचं श्रायर किंवा ॲरिझोना स्टेटचं बॅरेट, दोन्हीकडे वेगळा अर्ज, वेगळे निबंध. बोलावणारं पत्र हे प्रवेशपत्र नसतं.

नॅशनल मेरिटची एक खाच आहे, ती काउन्सेलरही कधी कधी सांगत नाहीत. विद्यापीठ पुरस्कृत स्कॉलरशिप हवी असेल तर फायनलिस्टने संस्थेकडे त्या विद्यापीठाचं नाव ‘पहिली पसंती’ म्हणून नोंदवावं लागतं. यामुळे प्रवेशाचं बंधन येत नाही, आणि विद्यापीठाने देऊ केलेली ती स्कॉलरशिप नक्की होईपर्यंत पसंती बदलता येते. पण प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची तारीख असते आणि ती चुकली तर पॅकेज हातचं जातं. फेब्रुवारीपासून या तारखा मुलाच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये हव्यात. सतरा वर्षांची मुलं बाकी सगळं करतात, ईमेल उघडत नाहीत.

एप्रिलमध्ये हातात तीन-चार ऑफर असतील तेव्हा प्रत्येक ऑनर्स कॉलेजला फोन करून, किंवा भेटीला गेलात तर समोर बसून, काही गोष्टी विचारायच्या. पहिली, स्कॉलरशिप टिकवायला जीपीए किती आणि खाली आला तर एक सेमिस्टरची सवलत मिळते की लगेच जाते. इंजिनिअरिंग किंवा प्री-मेडच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्री-कॅल्क्युलसने भले भले घसरतात. ३.० टिकवणं आणि ३.५ टिकवणं यात खूप अंतर आहे. दुसरी, ऑनर्समध्ये आलेल्या शंभरातले किती जण शेवटी ऑनर्स घेऊन बाहेर पडतात. हा प्रश्न विचारला की समोरची व्यक्ती थोडी सावरून बसते, म्हणून तो जरूर विचारा. बऱ्याच ठिकाणी चौथ्या वर्षी थिसिस लिहावा लागतो आणि कित्येक मुलं तिथे गळतात, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांना मार्गदर्शक कुणी शोधून दिलेला नसतो. जिथे पहिल्याच वर्षी प्राध्यापकाच्या लॅबमध्ये बसायची सोय आहे ते ऑनर्स कॉलेज खरं. जिथे फक्त चांगला डॉर्म आणि कोर्स निवडताना पहिला नंबर आहे, तिथे पाटीच जास्त. पहिला नंबर हा फायदा लहान नाही हो, कॉम्प्युटर सायन्सचे वर्ग भरून गेले की मुलं एकेक वर्ष लटकतात. पण तेवढ्यासाठी कुणी हजार मैल जाऊ नये.

काही ठिकाणी ऑनर्सची वेगळी फी असते, तीही विचारा. गोल्डवॉटर, फुलब्राइटसारख्या राष्ट्रीय स्कॉलरशिपच्या स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेणारं कार्यालय आहे का, तेही विचारा. गोल्डवॉटरला एका विद्यापीठातून मोजकीच नावं पाठवता येतात. मोठ्या नावाच्या कॉलेजात त्या मोजक्यांत येणं अवघड, टस्कलूसात तुमचा मुलगा तिसऱ्या वर्षी त्या यादीत असू शकतो. प्राध्यापकाचं लक्ष मिळण्याच्या बाबतीतही तेच.

मेडिकलचं ठरलं तर मात्र माझा कल स्पष्ट आहे. मेडिकल कॉलेज चार वर्षांचं, पदवीनंतरचं, आणि तिथे घेताना पदवी कुठली यापेक्षा जीपीए, एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) आणि केलेलं काम बघतात. त्यात २०२५ च्या कायद्याने कर्जाची दोरी आखडली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळणार नाही, आणि डॉक्टरकीसारख्या शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख, यापुढे नाही. कितीतरी मेडिकल कॉलेजांचा खर्च याहून जास्त आहे. उरलेलं खासगी कर्ज, जास्त व्याजाचं, किंवा आई-बापाची पुंजी. तेव्हा पदवी फुकट होत असेल आणि ५२९ चे सव्वा लाख शाबूत राहणार असतील, तर तीच त्याची मेडिकलची सोय. कॉम्प्युटर सायन्स असेल तर चित्र थोडं वेगळं. तिथे पहिल्या नोकरीला कंपन्या कॅम्पसवर कुठून येतात याला वजन आहे. त्या बाबतीत डॅलस मला उजवं वाटतं. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या संस्थापकांनी उभं केलेलं विद्यापीठ, आजूबाजूला कंपन्या, बुद्धिबळपटूंना स्कॉलरशिप देऊन संघ बांधणारं, म्हणजे हुशारीला भाव आहे. शिवाय रिचर्डसन-प्लेनोच्या पट्ट्यात आपली माणसं इतकी आहेत की मुलगा गणपतीला उपाशी राहणार नाही. टस्कलूसात ते नाही. तिथे शनिवारी फुटबॉल हाच सण. कुणाला त्यात चार वर्षं घर सापडतं, कुणाला गुदमरायला होतं. मुलाला तिथे एकदा दोन दिवस पाठवा, ऑनर्सच्या डॉर्ममध्ये रात्र काढू द्या, आणि आल्यावर काय वाटलं ते विचारा. आधी तुमचं मत सांगू नका.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. तीन सरकारी पॅकेजेस, रटगर्सचं ऑनर्स कॉलेज, आणि कॅल्क्युलेटरने चांगला आकडा दाखवला तर तीन-चार खासगी, एवढेच अर्ज. प्रिन्स्टन लागलं आणि आकडा जमला तर जाऊ द्या. मदत न देणाऱ्या, नाव मोठं म्हणून वर्षाला ९० हजार मागणाऱ्या कॉलेजसाठी मुलीचे पैसे मोडू नका. रटगर्स ऑनर्स आणि डॅलस यांत अडलात तर निर्णय मुलाचा, तुमचा नाही. घरापासून वीस मिनिटांवर राहणं त्याला हवंय की नको, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्याला नीट माहीत आहे.

इतर वाचकांसाठी एक वेगळी सूचना, कारण दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं: तुमचं पाल्य एच-फोर (एच-वन नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. फेडरल मदतीला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या स्कॉलरशिपचे नियम ज्याचे त्याचे, ते लेखी विचारून घ्या. आणि एकविसाव्या वर्षी एच-फोर सुटतो, म्हणजे बहुधा पदवीच्या तिसऱ्या वर्षी व्हिसा बदलावा लागेल, त्यानंतरही स्कॉलरशिप चालू राहील का, हेही त्याच पत्रात विचारा.

मंडळातल्या बाईंना काय सांगायचं? काही नाही. त्यांच्या मुलाचं लोन किती आहे हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत, तुम्हीही पॅकेज सांगू नका. सासूबाईंना मात्र नीट समजावून सांगा, कारण त्यांना खरोखर नातवाची काळजी आहे. ‘सरकारी विद्यापीठात पूर्ण स्कॉलरशिप’ हे शब्द पुण्यात आजही हार्वर्डइतकेच जड आहेत.

शेवटी पैशाचे दोन मुद्दे, यजमानांच्या हाती द्या. स्कॉलरशिपचा जो भाग ट्युशन, सक्तीच्या फिया आणि पुस्तकांवर जातो तो करमुक्त, पण राहण्याखाण्यासाठी मिळालेला भाग मुलाचं करपात्र उत्पन्न धरला जातो. फुकटच्या खोलीवरही थोडा कर लागू शकतो, एप्रिलमध्ये धक्का नको. आणि ५२९ अडकून पडेल ही भीती नको. स्कॉलरशिपच्या रकमेएवढे पैसे काढले तर १० टक्के दंड लागत नाही, फक्त वाढीवर कर द्यावा लागतो. खातं मुलीच्या नावावर करता येतं. आणि ते पंधरा वर्षं जुनं असेल तर मुलाच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीच्या बचत खात्यात), दरवर्षीच्या मर्यादेत, एकूण ३५ हजारांपर्यंत हलवता येतं. खातं कोणत्या वर्षी उघडलंत तेवढं आज बघून ठेवा.